माळावरची उलाळ

ऊस रस्त्यावर आला की मला दचकायला होतं. मुळात मी दचकीच आहे. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातली वाटी पडते आणि घरातले हसतात. पण हंगामातली ही दचक त्यातली नाही, ती फार जुनी आहे.

यंदा ती दवाखान्याच्या व्हरांड्यात आली. विश्रामबागेतल्या त्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरून मोठा रस्ता दिसतो. आत खाटेवर आमचे हे निजलेले होते. अर्धांगाचा झटका आलेला, उजवी बाजू गेलेली, डोळे मिटलेले. कोण आलं, कोण गेलं, कशाची दखल नाही. आत बसवेना म्हणून मी बाहेर येऊन कठडा धरून उभी राहिले. दिवस कलला होता. खालून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, त्यांत बाहेर ओघळेल इतका ऊस. चढाला ड्रायव्हरनं गिअर बदलला आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर गेली. वरच फिरत राहिली. ड्रायव्हर मजेत होता, गाणं मोठ्यानं लागलं होतं, आणि कडेची पोरं मोबाईल उंच धरून शूटिंग घेत होती. माझा हात तोंडावर गेला.

"उलाळली!" मी ओरडले.

व्हरांड्यातून जाणारी नर्स थबकली. "काय झालं, आजी?"

"काही नाही गं," म्हटलं. काय सांगणार तिला? आणि कुठून सांगणार?

उलाळ हा शब्दच आता कुणाला ठाऊक नाही. बैलगाडीत मागच्या अंगाला ओझं जास्त झालं की गाडीचं तोंड वर उठतं. दांडी आभाळाकडं जाते, तिच्याबरोबर जू जातं, आणि जुवाला बांधलेल्या बैलांच्या गळ्याला फास बसतो. बैलांचे पुढचे पाय जमीन सोडून तरंगायला लागतात, बैल डोळे पांढरे करतात. ज्यानं हे एकदा बघितलं त्याला ते पुन्हा बघवत नाही. म्हणून "उलाळली!" अशी नुसती आरोळी कानावर पडली, तरी उसाच्या रानातला माणूस हातातलं टाकून पळत सुटतो आणि पुढच्या दांडीला लोंबकळतो. गाडी कुणाची, त्याच्याशी भाऊबंदकी आहे की सोयरीक, हे बघत नाही. आधी दांडी खाली आणायची, बाकीचं मागून. याला रीत तरी कसं म्हणावं, हे लोकांच्या अंगातच असतं.

लग्न होऊन आष्ट्याला आले तो सत्तरच्या दशकातला हंगाम. उसाचे दिवस आले की तो अख्खाच्या अख्खा माझ्यासमोर उभा राहतो. पहाटेची करकरीत थंडी, गाडीमागून गाडी कारखान्याकडं चाललेली, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, रस्ताभर सांडलेलं उसाच्या शेंड्यांचं वाढं, आणि कुठूनतरी गुऱ्हाळाच्या काहिलीचा गोड करपट वास. त्या वासानं मला आजही आधी भूक लागते आणि मग भीती वाटते. माझं माहेर साताऱ्याकडचं, कोरडवाहू. एवढा ऊस, एवढं पाणी मी बघितलं नव्हतं. माणसं उसात शिरली की दिसेनाशी होत, त्याचंही मला दडपण यायचं.

आणि ती पहिली उलाळ. आमच्याच रानात गाडी भरत होते. मी न्याहारीची पाटी घेऊन बांधावर पोचले तोवर गाडीचं तोंड वर गेलं. माझे सासरे, म्हणजे मामंजी, वयानं साठीकडं झुकलेले, एरवी गुडघ्यावर हात ठेवून उठणारे. त्यांनी तिथून जी झेप घेतली ती थेट दांडीवर. पोटावर पडले, पाय हवेत, पटका सुटलेला. मागोमाग ऊस तोडणाऱ्या टोळीतले दोघं येऊन लटकले आणि दांडी खाली आली. मामंजींनी आधी बैलाचा गळा चाचपला, मग पटका उचलला, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आनलीस का भाकरी? लय भूक लागली."

आता ह्यांच्याविषयी. बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनीच गोष्ट. उखाण्यात घ्यायचं तेवढंच, तेही लाजत, चारचौघींनी दार अडवलं तर. एरवी "हे", "आमचं घर", आणि हाक मारायची वेळ आलीच तर "अवं". ह्यांचा स्वभाव असा की घरात आवाजच नाही. फौजेत होते. दोन महिन्यांच्या रजेवर आले, लग्न उरकलं, आणि उरलेली रजा घरच्या उसाला जुंपले गेले. दिवसा माझ्याशी बोलणं शक्यच नव्हतं. मामंजी सोप्यात, आत्याबाई, म्हणजे सासूबाई, चुलीपुढं, आणि मी पदर डोक्यावर घेऊन मधे. हे पाण्याचा तांब्या मागायचे तोही भिंतीकडं बघून. मला वाटायचं, असल्या गरीब गायीला फौजेत घेतलंच कसं?

मग एक दिवस ते माधवनगरला गेले आणि संध्याकाळी भयंकर आवाज करत परत आले. तिथल्या सूतगिरणीत फिटर असलेल्या मित्राची फटफटी मागून आणली होती. लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी, पण मित्रानं शर्यतीसाठी सोलून काढलेली. चिखल अडवायचे पत्रे नाहीत, दिवा नाही, सायलेन्सर अर्ध्यात कापलेला, मागचं चेनचं दातेरी चाक मोठं बसवलेलं. मामंजींनी तिला एक फेरी मारली.

"ही हाडकुळी कुठनं आनलीस रं? हिला काय खायला घालत न्हाईत व्हय?"

"मित्राची हाय, आबा. रजेपुरती."

"बैलं बुजतील. लांब लाव."

दुसऱ्या दिवशी न्याहारी घेऊन मी रानात गेले. तोडकरी ऊस तोडत होते, मामंजी गाडी घेऊन कारखान्यावर गेलेले. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळाची एक लांब पट्टी आहे, तिथं ना पीक येत ना गवत. तिकडून आवाज आला म्हणून वर गेले आणि समोर जे दिसलं त्यानं माझ्या हातातली पाटी सुटली. फटफटी एका चाकावर होती. पुढचं चाक छातीएवढ्या उंचीवर फिरत होतं, आणि आमचे हे, पाण्याचा तांब्या भिंतीकडून मागणारे, त्या गाडीच्या पायट्यांवर, पाय टेकायच्या दांड्यांवर, सरळ उभे होते. बसलेले नाही, उभे. कालवण मुरमात सांडलं. मी ज्या माणसाशी लग्न केलं तो हा नव्हेच, अशी खात्री पटून मी मागं वळले आणि धावत सुटले.

पुढचं चाक धप्पकन खाली आलं. हे गाडी टाकून माझ्या मागं पळत आले.

"अगं थांब. घरी सांगू नगंस."

लग्नानंतर दिवसाउजेडी माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मला इतका धक्का बसला होता की मी म्हणाले, "कालवण सांडलं." यावर ते जे हसले, ते हसणंही मी पहिल्यांदाच ऐकलं.

बांधावर बसून कोरडी भाकरी कांद्याशी खात त्यांनी सगळं सांगितलं. फौजेत ते फटफटीवरून डाक नेणारे. पलटणीत आता गाड्यांचे खेळ करणारी एक टोळी करायची होती, परेडीच्या वेळी मैदानात कसरती दाखवणारी. रजा संपली की निवड. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, उभ्यानं, पुढचं चाक उचलून जायचं. जमलं तर त्या टोळीत जागा, आणि ती टोळी कायम मोठ्या छावणीत राहणार.

"तिथं फ्यामिली क्वार्टर हाय," ते भाकरीकडं बघत म्हणाले. "एक खोली, एक सैपाकघर. तुला नेता येतंय."

"आनि न्हाई जमलं तर?"

"तर पलटन वर बर्फात चाललीया. तिथं फ्यामिली न्हाई. रजा मिळंल तवा येनार."

रजा मिळंल तवा. हे शब्द माझ्या ओळखीचे होते. माझे वडीलही फौजेत. आईचा सगळा संसार रजेरजेनं झालेला. मी चार-पाच वर्षांची असताना दारात एक माणूस ट्रंक घेऊन उभा राहिला आणि मी ओरडत आत गेले, "आई, कोनतरी पावणं आल्यात!" आई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि रडायलाच लागली. तो पाहुणा माझा बाप होता. मला माझ्या पोराच्या तोंडून ते वाक्य ऐकायचं नव्हतं. त्या दुपारी बांधावर बसून मला हे जितकं लख्ख कळलं तितकं नंतर फार थोडं कळलं असेल.

"मग शिका की," मी म्हटलं. "मी बघते."

असा तो हंगाम सुरू झाला. घरात आम्ही मुके, माळावर मात्र भांडायचो, हसायचो. टोळीला न्याहारी पोचवायची आणि मग वर जायचं. मला आता लोक विचारतात, तुमच्या वेळी लग्नानंतर कुठं फिरायला गेला होतात? मुरमाड माळ, पेट्रोलचा वास आणि सोललेले कोपर यांना फिरायला जाणं म्हणता येईल का, मला माहीत नाही.

फौजेतल्या त्यांच्या उस्तादानं तोंडी सगळं सांगितलेलं होतं, पण अंगात उतरलं नव्हतं. पायट्यांवर उभं राहायचं, क्लच दाबायचा, ॲक्सिलेटर पिळायचा, क्लच सोडताना अंग मागं न्यायचं की चाक उठतं. उठलेलं चाक ठेवायचं कसं, हीच खरी मेख. कमी उठलं तर पडतं, जास्त उठलं तर गाडी पाठीवर येते. मधे एक जागा आहे, तिथं म्हणे गाडी वजन विसरते. "तिथं पोचलं न्हवं, की लय गंमत हाय. हातात काय धरलंय ते कळतच न्हाई," ते सांगायचे, आणि दुसऱ्याच क्षणी मुरमात आडवे व्हायचे. ती जागा मला बाहेरून दिसायची. त्यांना गाडीवरून पुढचं काहीच दिसायचं नाही, चाक आणि टाकी यांच्या आड सगळा माळ लपायचा. म्हणून मी बाजूला उभी राहून हातानं सांगायची. हात वर म्हणजे अजून, हात आडवा म्हणजे इथंच, हात खाली म्हणजे मेलात, ब्रेक दाबा.

कारण सगळी खुबी त्या ब्रेकात होती. मागच्या चाकाचा ब्रेक त्या गाडीला डाव्या पायाशी होता. चाक फार वर गेलं की डाव्या पायानं तो दाबायचा, पुढचं चाक आपोआप खाली येतं. हे ऐकून मी चाट पडले. आमच्या सगळ्या जन्माचं शहाणपण असं की गाडी उलाळली तर पुढं वजन टाका. ह्यांच्याही अंगात तेच मुरलेलं. चाक जास्त उठलं की भीतीनं हे पुढं झुकायचे, हँडलवर छाती टाकायचे, तोल जायचा आणि पडायचे. बापाचा मुलगाच तो.

"पुढं नका हो पडू! पाय, पाय!" मी ओरडायची.

"कळतंय गं! अंगच ऐकत न्हाई."

घरी जाताना रोज वेगळी थाप. पाटात घसरलो, बैलानं ढोसलं, पाचटावरून पाय सटकला. आत्याबाई हळद गरम करून लावायच्या आणि म्हणायच्या, "सरकार ह्येला बंदूक देतंय, आनि ह्येला धड चालता यीना." मी चुलीकडं तोंड करून हसू दाबायची. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते चाक डोळ्यांपुढं फिरायचं आणि मी घामानं भिजून उठायची. हे मेले तर? मीच शिका म्हटलं होतं. बर्फातला नवरा परवडला, असंही एखाद्या वेळी वाटून जाई. सकाळी पुन्हा पाटी घेऊन निघायची.

क्वार्टरचा विषय एकदा मामंजींपुढं निघाला होता. ह्यांनीच काढला, जेवताना, आमटीत भाकरी चुरत. मामंजींनी मान वर केली नाही. "फौजीची बायकू घरात शोभती. सून दावनीची बैलजोडी हाय व्हय, न्यायला आनायला?" एवढंच. विषय संपला. म्हणजे माळावर जमलं असतं तरी घरात जमणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी आम्ही शिकत होतो. त्या वयात माणूस एका वेळी एकाच चाकाची काळजी करतो.

रजा संपत आली तसा तो दिवस उजाडला. आधी सांगायला हवं की त्या दिवशी टोळी माळाला लागूनच असलेल्या उसाच्या फडात आली होती. तोडकरी जोड्याजोड्यानं तोडायचे, नवरा पुढं कोयता घेऊन, बायको मागं मोळ्या बांधत. दिवसभर त्या बायकांच्या हाका चालायच्या. "अवं, कोयता द्या." "अवं, पानी आना." "अवं, हिकडं बगा की." सगळ्या फडात नुसतं अवं-अवं. कोणती हाक कुणाची ते नवऱ्यांनाच कळायचं, की त्यांनाही कळत नव्हतं, देव जाणे.

हे माळाच्या त्या टोकाला गेले आणि वळून निघाले. चाक उठलं. मी हात वर केला. चाक आणखी उठलं, आणि मी हात आडवा केला. आणि ते तिथंच राहिलं. गाडी एका चाकावर पळत होती, हे तिच्यावर सरळ उभे होते, गुडघे जरासे वाकलेले, मान ताठ, आणि इंजिनाचा आवाजही एकसारखा, कुठं अडखळत नव्हता. अर्धा माळ संपला. मला रडू यायला लागलं. खोली दिसायला लागली मला. एक खोली, एक सैपाकघर.

आणि समोरून मामंजी आले.

गाडी कारखान्यावर रिकामी करून ते माळाच्या वाटेनं लवकर परतले होते. वर चढले आणि त्यांना समोरून काय दिसलं असेल? आभाळाकडं तोंड केलेली एक गाडी, हवेत फिरणारं चाक, आणि मागं लटकलेला आपला एकुलता एक पोरगा. त्यांनी कासरा टाकला.

"उलाळली! उलाळली! धरा रं!"

आणि पटका सांभाळत ते सरळ गाडीच्या तोंडावर धावत सुटले. दांडी खाली आणायला. आरोळी ऐकून फडातले तीन-चार तोडकरीही कोयते टाकून माळावर निघाले. विचार कुणी केलाच नाही. उसाच्या मुलखात या आरोळीनंतर विचार करत नाहीत.

ह्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. मी हात खाली केला, दोन्ही हात खाली केले, नाचले. ते माझ्याकडं बघतच नव्हते, ती वजन विसरलेली जागा त्यांना सापडली होती. "अवंऽ!" मी ओरडले. "अवं, थांबा!" फडातनं सकाळपासून तेच ओरडणं चालू होतं, त्यातलंच एक. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मामंजी आता गाडीच्या पुढ्यात, हात वर करून, उडी घ्यायच्या बेतात.

मग माझ्या तोंडातून निघालं, बेंबीच्या देठापासून निघालं.

"दिनकर!"

सगळा माळ थिजला असं मला वाटलं. ह्यांचा डावा पाय दाबला गेला. पुढचं चाक आपटलं, गाडी वाकडी होऊन घसरत गेली, हे एकीकडं आणि गाडी एकीकडं. चाक मामंजींच्या पायांपासून हातभरावर येऊन थांबलं आणि तिथं पडल्या पडल्याही फिरत राहिलं. मामंजी मुरमात बसले. इंजिन बंद पडलं. धूळ खाली बसली.

आणि कुणीही ह्यांच्याकडं बघत नव्हतं, मामंजींकडं बघत नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. धावत आलेले तोडकरी, फडाच्या कडेला आलेल्या त्यांच्या बायका, सगळ्यांच्या तोंडाचा आ झालेला. एकीनं तर कानावर हात ठेवले. म्हातारा सासरा चाकाखाली जाता जाता वाचला यापेक्षा नव्या नवरीनं भर माळावर, सासऱ्यादेखत, नवऱ्याचं नाव घेतलं, याचा धक्का मोठा होता. मलाही तोच धक्का बसला होता. मी पदर तोंडात कोंबला. हे मुरमातून उठले, कोपरातून रक्त, आणि माझ्याकडं असं बघायला लागले की जणू मीच एका चाकावर उभी आहे.

त्या रात्री आत्याबाईंनी माझी खरडपट्टी काढली. "फौजीच्या घरची म्हनून आनली. सगळ्या टोळीदेखत नवऱ्याचं नाव? आता कुठल्या तोंडानं पान्याला जाऊ मी?" मी खाली मान घालून भाकरी थापत होते. मामंजी जेवायला बसले होते. ते ताटावरून म्हणाले, "गप बस. तिनं नाव घेतलं न्हसतं, तर तू आज कपाळ पुसून बसली असतीस."

मग मामंजी ह्यांच्याकडं वळले.

"ती गाडी आपनहून उलाळती, का तू उलाळतूस?"

"मी उलाळतो, आबा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

मामंजींनी उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला. जन्मभर ज्या गोष्टीच्या भीतीनं गाडी भरली, ती गोष्ट आपला मुलगा मुद्दाम करतो, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. "आनि खाली कशी आनतूस? पुढं वजन टाकून?"

"न्हाई. पुढं पडलं की मेलं. पायानं. मागचा ब्रेक दाबून."

"आज कसा दाबलास? तुला तर काय दिसत न्हवतं."

हे भिंतीकडं बघत राहिले. मामंजींनी ते बघितलं, मग चुलीकडं, माझ्या पाठीकडं बघितलं.

"जमली ती क्वार्टर, तर हिला संगं ने," ते म्हणाले. "त्यो पाय हिच्या हाकंवर हाय."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. मी वळूनही बघितलं नाही, इतका धक्का मला बसला होता. आनंदाचा धक्काही अंगाला तसाच बसतो, हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

पुढं फार काही नाही. हे गेले, निवड झाली, आणि कारखान्याचा हंगाम संपता संपता मला न्यायला आले. सांगलीच्या स्टेशनावर मामंजी आले होते. गाडी सुटताना म्हणाले, "लक्ष ठेव गं." छावणीतली ती खोली एवढीशी होती. पहिल्या वर्षी आई मला भेटायला आली. संध्याकाळ झाली, ड्यूटी संपवून हे दारात आले, बूट काढायला लागले. आई उंबऱ्यात बसली होती. ती मला हळूच म्हणाली, "ह्ये रोज येत्यात?" म्हटलं, "रोज." तिनं पुन्हा विचारलं, "रोज संध्याकाळी?" आणि ती ह्यांच्याकडं बघतच राहिली. तिच्या तोंडावरचं ते आश्चर्य मी विसरू शकत नाही. बाईच्या आयुष्यात नवरा संध्याकाळी घरी येतो, एवढ्याशा गोष्टीनं ती हबकली होती.

मैदानातले खेळ मी पुष्कळ बघितले, बोटांच्या फटीतून. ह्यांचं चाक उठायचं, तंबूतल्या बायका टाळ्या वाजवायच्या, आणि मी बोटं मिटून घ्यायची. पण ते नाव मी पुन्हा कधी घेतलं नाही. घ्यायला काही हरकत नव्हती, पुढं दिवस बदलले, सुना आल्या, त्या आपापल्या नवऱ्यांना नावानं हाका मारतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण माझ्याच्यानं झालं नाही. ती हाक मी जणू त्या माळावरच ठेवून आले. हेही कधी चिडवायचे, "एकदा म्हन की गं तसं." मी म्हणायची, "चाक उचललंत तर म्हणेन."

मी आत आले तोवर दवाखान्यात अंधार पडत आला होता. रस्त्यावर ट्रॅक्टर एकामागून एक चालूच होते, त्यांच्या गाण्यांचा आवाज काचेतून आत येत होता. ती मघाचीच नर्स ह्यांच्या उशाशी वाकून मोठ्यानं म्हणत होती, "आजोबा! ओ आजोबा!" मग ती माझ्याकडं वळली. "आजी, तुम्ही हाक मारून बघा. घरच्यांचा आवाज कधी कधी पोचतो."

मी जवळ गेले. "अहो," म्हटलं. "अहो, मी आहे." काही नाही. शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाईही तिच्या नवऱ्याला "अहो" म्हणत होती, त्याच्या पलीकडची एक "अहो, पाणी घेता का" म्हणत होती. सगळ्या वॉर्डात तेच. आणि मला तो फड आठवला. इतक्या अहोंमधून ह्यांना कसं कळणार, कोणती हाक त्यांची?

सून पायाशी उभी होती, मुलगा दारात, नर्स बघत होती. मी पदर कमरेला खोचला.

"दिनकर!"

सुनेनं दचकून माझ्याकडं पाहिलं, मुलगा आत धावत आला. आणि चादरीखाली ह्यांचा डावा पाय हलला. नुसता हलला नाही, दाबला गेला. टाच वर, चवडा खाली, घट्ट, लोखंडी खाटेच्या पायथ्यावर. नर्स डॉक्टरांना बोलवायला पळाली.

मी थांबले नाही. कुणाची लाज न बाळगता, भर वॉर्डात, मी ते नाव घेत राहिले.